सूर्य मावळला की रेडिओ बंद

‘विचारा रेडिओवाल्याला’: सांगलीत ३३ वर्षं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान चालवलेले आमचे स्तंभलेखक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.

प्रश्न: मी विट्याची. लेक-जावई अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात असतात. मागच्या उन्हाळ्यात गेले होते तेव्हा त्यांनी मला माउंट एअरी नावाच्या गावाला नेलं. गाव आपल्या विट्यापेक्षाही लहान. वाटेत जावयांनी गाडीतला रेडिओ लावला. ‘डब्ल्यूपीएक्यू’ असं काहीतरी स्टेशनचं नाव. त्यावर सारंगीसारखं फिडल आणि बँजो वाजत होता, अगदी खेडवळ गाणी. मध्येच कुणाच्या तरी अंत्यविधीची वेळ सांगितली, मग परत गाणं. जावई म्हणाले, हे १९४८ पासून असंच चालू आहे. एवढ्याशा गावाला स्वतःचं रेडिओ स्टेशन परवडतं कसं? आणि भाषेचं एक अक्षर कळत नसताना मला माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या का आठवल्या? (वाचक भगिनी, विटा)

उत्तर: ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो मला जास्त आवडला.

आपल्याकडे बँजो म्हटलं की वरातीतली बँजो पार्टी डोळ्यांसमोर येते. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि तारा छेडायच्या. तुम्ही ऐकलात तो बँजो वेगळा. त्याची पाळंमुळं आफ्रिकेत आहेत, गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ते वाद्य तिकडे पोचलं. गोल तोंडावर कातडं ताणलेलं, त्यावर तारा. त्यातली पाचवी तार आखूड असते आणि तिची खुंटी दांड्याच्या मध्येच बसवलेली असते. ती तार अंगठ्यानं वाजवतात आणि तिचा सूर बदलत नाही. गाणं वरखाली होतं, तार आपली एकच सूर धरून ठणठणत राहते. आता आपलं तुणतुणं आठवा. गोंधळी कुठेही जाऊन येऊ दे, तुणतुणं जाग्यावर. जात्याची घरघरही तशीच, खाली एकच सूर आणि वर ओवी. तुमच्या कानाला ओळख पटली ती त्या न हलणाऱ्या सुराची. मी तरी असंच समजतो. संगीतातले जाणकार मिरजेत ढिगानं आहेत, ते माझं म्हणणं खोडून काढायला मोकळे आहेत.

आता रेडिओ.

अमेरिकेत रेडिओ रीतसर सुरू झाला १९२० मध्ये. दोनच वर्षांत, १९२२ साली, अटलांटाच्या स्टेशनवर जॉन कार्सन नावाचा फिडलवाला वाजवून गेला. तोवर शहरातल्या शहाण्या लोकांची समजूत अशी की रेडिओ म्हणजे ऑपेरा आणि भाषणं. पण खेड्यापाड्यांतून पत्रं आली ती फिडलला. १९२४ मध्ये शिकागोच्या डब्ल्यूएलएसनं शनिवारी रात्री शेतकऱ्यांसाठी गाण्याबजावण्याचा कार्यक्रम सुरू केला. हे स्टेशन सीअर्स या टपालानं माल विकणाऱ्या कंपनीचं. त्या तीन अक्षरांचा अर्थच मुळी ‘जगातलं सर्वांत मोठं दुकान’! पुढच्या वर्षी नॅशविलमध्ये एका विमा कंपनीनं डब्ल्यूएसएम काढलं. त्या अक्षरांचा अर्थ ‘आम्ही लाखोंचं रक्षण करतो’. विमा एजंट दारोदार हप्ते गोळा करत फिरायचे, त्यांना रेडिओमुळे घरात शिरायला निमित्त मिळालं. नोव्हेंबर १९२५ मध्ये तिथे सत्तरी ओलांडलेले जिमी थॉम्पसन नावाचे आजोबा फिडल घेऊन माइकसमोर बसले आणि शनिवारचा जो कार्यक्रम सुरू झाला तो आजही चालू आहे. त्याचं ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव डिसेंबर १९२७ मधलं. आधीच्या कार्यक्रमात ‘ग्रँड ऑपेरा’ झाला, आता आमचा गावठी ऑपेरा ऐका, अशी निवेदकानं केलेली ती कोटी. त्या रात्री त्यानं पहिल्यांदा वाजवायला पुढे केलं डीफर्ड बेली या माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय कलाकाराला. १९४१ मध्ये त्याच बेलीला काढून टाकलं. हेही त्या इतिहासातच धरायला हवं.

या १९२७ सालाशी आपलाही एक धागा आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. उद्घाटन केलं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी. होय, तेच आयर्विन, ज्यांच्या नावाच्या पुलावर पाणी किती फूट चढलं हे सांगलीकर दर पावसाळ्यात विचारत असतो. आणि त्याच आठवड्यात तिकडे टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात एक रेकॉर्ड कंपनीचा माणूस यंत्रं घेऊन डोंगरातल्या गाणाऱ्यांची वाट बघत बसला होता. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणं तिथलीच. आज ज्याला कंट्री म्युझिक म्हणतात त्याची पाचवी तिथे पुजली गेली असं मानतात. तेव्हा त्याला कंट्री म्हणत नव्हते, ‘हिलबिली’ म्हणायचे. आपल्याकडे ‘गावंढळ’ म्हणतात ना, तोच भाव. गाण्यांच्या याद्या छापणाऱ्या व्यापारी साप्ताहिकानं १९४९ मध्ये ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव घेतलं आणि माणसं जरा ताठ मानेनं ते सांगू लागली.

मुंबईची ती कंपनी मात्र तीन वर्षांत, १९३० मध्ये, बुडाली आणि रेडिओ सरकारच्या हाती गेला. इथे फाटा फुटला. तिकडे रेडिओ ऐकायला परवाना लागत नव्हता; खर्च जाहिरातीतून निघायचा. इकडे ऐकणाऱ्यानं सरकारला पैसे भरायचे. पोस्टात जाऊन वर्षाला १५ रुपये द्यायचे आणि पासबुकासारख्या त्या वहीत तिकिटं चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या कितीतरी रेडिओंच्या पाठीमागे ती वही रबरानं बांधलेली असायची, घरातल्या कुणाचा तरी जन्मदाखला असावा इतकी जपून.

आता माउंट एअरी. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सरकारनं लहान गावांना रेडिओचे परवाने भराभर दिले. १९४५ ते १९५० या पाच वर्षांत मध्यम लहरींवरच्या (मीडियम वेव्हवरच्या) केंद्रांची संख्या दुपटीच्या वर गेली. त्यातलंच हे एक. राल्फ एपर्सन नावाचा तिशीसुद्धा न गाठलेला तरुण, जवळच्याच डोंगरातला, लहानपणापासून रेडिओच्या तारा जोडत बसणारा. २ फेब्रुवारी १९४८ रोजी त्यानं स्टेशन सुरू केलं. ठरवलं असं की आपल्या भागात जे वाजवतात, गातात तेच लावायचं. ‘मेरी-गो-राउंड’ हा शनिवारचा कार्यक्रम पहिल्यापासूनचा. कुणीही फिडल बगलेत मारून यायचं आणि वाजवायचं, ते थेट प्रसारित व्हायचं. पुढे तो गावातल्या अर्ल या जुन्या थिएटरात होऊ लागला, समोर लोक बसतात, काही उठून नाचतातही.

वाजवणारे कोण? शेतकरी, गिरणीतले कामगार. शेजारच्या टोस्ट गावचे टॉमी जॅरेल बघा. सरकारी रस्तेखात्यात रस्ता सपाट करायच्या यंत्रावर आयुष्यभर नोकरी केली, घरी येऊन फिडल वाजवलं. निवृत्त झाल्यावर देशभरातली पोरं त्यांच्या ओसरीवर शिकायला येऊन बसू लागली. १९८२ मध्ये लोककलावंतांसाठीचा राष्ट्रीय सन्मान पहिल्यांदाच द्यायला सुरुवात झाली, त्या पहिल्या यादीत त्यांचं नाव होतं.

आणि परवडतं कसं? सुरुवातीच्या काळात अशा लहान केंद्रांची एक मोठी अडचण होती, तीच त्यांच्या पथ्यावर पडली असं मला वाटतं. यातल्या अनेकांना परवाना फक्त दिवसाचा होता. सूर्य उगवला की चालू, मावळला की बंद. हे काही सरकारचं खूळ नव्हे. दिवसा उन्हामुळे आकाशात बऱ्याच उंचीवर असा एक थर तयार होतो की तो मध्यम लहरी गिळून टाकतो. म्हणून दिवसा केंद्र जमिनीलगत जाईल तेवढंच ऐकू येतं. रात्री तो थर विरतो, लहरी त्याच्या वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. तुम्हीही अनुभवलं असेल, रात्री दहानंतर काटा जरासा हलवला की मध्येच उर्दू, मध्येच तमिळ. आता डब्ल्यूपीएक्यूचा काट्यावरचा आकडा ७४० किलोहर्ट्‌झ, आणि तोच आकडा कॅनडात टोरांटोच्या बड्या केंद्राला दिलेला. रात्री दोघांची टक्कर होणार, म्हणून धाकट्यानं दिवे लागणीला गप्प बसायचं. डिसेंबरात तर पाच-सव्वापाचलाच. आजही ते दिवसा १० किलोवॅटवर चालतं आणि रात्री नावापुरतं.

याचा हिशेब दुकानदाराच्या नजरेनं बघा. रात्रीच्या नाटकांना, शहरी वाद्यवृंदांना वेळच नाही. हातात राहते सकाळ आणि दुपार. म्हणजे गोठ्यातला माणूस, चुलीपुढची बाई, जेवणाच्या सुट्टीतला कामगार. त्यांना हवं ते लावायचं. गायक गावातले, फुकट किंवा नाममात्र पैशांत येणारे, कारण रेडिओवर वाजवलं की शनिवारी रात्री शाळेच्या हॉलमध्ये तिकीट लावून कार्यक्रम करता येतो आणि त्याची जाहिरात रेडिओवरच होते. जाहिराती देणारे कोण, तर पिठाची गिरणी, खताचं दुकान, फर्निचरवाला. या गाण्यावर पिठाच्या कंपन्यांनी केवढा पैसा लावला! टेक्सासमध्ये १९३१ साली एका गिरणीनं पिठाच्या नावाचाच वाद्यवृंद काढला होता. गहू दळून विकणाऱ्याला रोज पोळ्या-पाव करणारी बाई गाठायची असते आणि ती बाई पहाटे रेडिओ ऐकत असते. बाकी मग अंत्यविधीच्या वेळा, हरवलेल्या गाई, रविवारी चर्चमधलं प्रवचन, शाळेच्या सामन्यांचं समालोचन. मोठ्या शहरातलं स्टेशन तुमच्या आत्याच्या अंत्यविधीची वेळ सांगणार नाही. म्हणून गावाचं टिकतं.

सगळीच टिकली नाहीत हो. दिवसभर फक्त कंट्री लावणारी केंद्रं १९६१ मध्ये देशभरात ८१ होती, १९६९ मध्ये ६०६ झाली. पण वाढली ती नॅशविलच्या चकाचक रेकॉर्ड लावणारी. गावातला फिडलवाला त्यातही बाहेरच राहिला. १९९६ च्या कायद्यानं एका मालकानं देशात किती केंद्रं घ्यावीत यावरची मर्यादा उठली. मग एकेका कंपनीनं शेकड्यांनी केंद्रं घेतली आणि खोलीत माणसाऐवजी संगणक बसला. एपर्सन २००६ मध्ये वारले, त्यांच्यामागे घरच्यांनी ते तसंच चालवलं. अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आलं असणार: मग आपल्याकडे असं का नाही? तर १९४८ मध्ये एखाद्या सांगलीकर तरुणानं परवाना मागितला असता तरी मिळाला नसता. खासगी माणसाला तो रस्ताच नव्हता. पण गावच्या गाण्याला रेडिओच मिळाला नाही असं म्हणाल तर मी भांडेन. १९५६ मध्ये पुणे केंद्रानं उत्तर सातारा, कोल्हापूर धरून पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बसवली. रेडिओ ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. पुढे तोच प्रयोग देशभर गेला. आणि ६ ऑक्टोबर १९६३ रोजी सांगलीला आपलं केंद्र झालं. १२५१ किलोहर्ट्‌झ. (गंमत म्हणून ९ नं भागून बघा, बाकी शून्य येते. १९७८ पासून आपल्याकडच्या मध्यम लहरींचे सगळे आकडे ९ च्या पाढ्यात बसवले आहेत. अमेरिकेत १० च्या पाढ्यात, म्हणून ७४०.) या केंद्रावरून शाहिरी, भजन, भारूड, धनगरी ओव्या किती गेल्या असतील याची गणती नाही. इथे पिठाची गिरणी नव्हती, पण कलाकाराला आवाजाची चाचणी द्यावी लागायची. त्याचा फायदा असा की जाहिरातदार रुसला म्हणून ओवी बंद पडली नाही. तोटा असा की बगलेत तुणतुणं मारून सरळ आत शिरता आलं नाही. एपर्सनच्या जवळ जाणारं काही बघायचं असेल तर विट्याहून म्हसवडला जा. माणदेशी फाउंडेशनचं सामुदायिक केंद्र २००८ पासून तिथे चालू आहे. अशा केंद्रांना ५० वॅटचा प्रक्षेपक मिळतो, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी ताकद. पण निम्मे कार्यक्रम तिथल्याच मातीतले असावेत असा नियम आहे. स्वतःच्या बातम्या मात्र त्यांना देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात.

आता एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. एपर्सननं सुरुवातीपासून हे शनिवारचे कार्यक्रम तबकड्यांवर कोरून ठेवले आणि त्या तबकड्या सांभाळल्या. पन्नास वर्षांनी त्यातल्या काही निवडून बाजारात आल्या. मेलेल्या फिडलवाल्यांचा आवाज नातवंडांनी ऐकला.

आमचं गाव कवलापूर. माझे वडील भजनी मंडळात गळ्यात वीणा घेऊन उभे राहायचे. १९८४ च्या आषाढात त्यांच्या मंडळाला रेडिओवर बोलावणं आलं. दहा माणसं एसटीनं गेली. वडिलांना शेतात, देवळात गायची सवय, आवाज असा की माइकचा काटा लाल पट्टीत जायचा. शेवटी त्यांना मागे, दाराजवळ उभं केलं. ते घरी येऊन म्हणाले, “मला भिताडाकडं तोंड करून गायला लावलं, पांडुरंग तिकडं हुता व्हय?” प्रसारणाच्या दिवशी मी दुकानात टेपरेकॉर्डर रेडिओला जोडला आणि अर्धा तास कॅसेटवर घेतला. स्वच्छ, घरघर नाही. वडिलांना दोनदा ऐकवला. मग तीन-चार महिन्यांनी एका गिऱ्हाइकाच्या टेपचं हेड बदललं आणि ते भरतंय का बघायला हाताला येईल ती कॅसेट घातली. ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन, सांगली, सांगली’. नऊ-दहा मिनिटं माझाच आवाज. अर्ध्यावर लक्षात आलं. उरलेल्या भागात वडील आहेत, पण अभंगाच्या मधूनच सुरू होतात.

प्रश्न: रेडिओवर बातम्या लावल्या की हल्ली सारखी चर्रर्र चर्रर्र येते. सेट नवा आहे. दुरुस्तीला टाकू का? (वाचक, इस्लामपूर)

उत्तर: टाकू नका. घरातले एलईडी दिवे एकेक करून बंद करत जा, मोबाइलचा चार्जर काढा. बहुतेक त्यातल्या एकाचीच ती भुणभुण आहे, स्वस्त दिव्यांत ती जास्त असते. सापडला की तेवढा एक दिवा बदला. नाही सापडला तर सेट खिडकीशी न्या आणि आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. मध्यम लहरींचा एरियल आतल्या काळ्या कांडीत असतो, तिला दिशा कळते.

प्रश्न: वडिलांच्या मागे ट्रंकेत चाळीसेक कॅसेट निघाल्या. काहींवर ‘रेडिओ, भजन’ असं पेन्सिलनं लिहिलंय. टेपरेकॉर्डर आहे, पण चालतो की नाही माहीत नाही. आधी काय करू? (वाचक, तासगाव)

उत्तर: आधी टेपला हात लावू नका. कॅसेटच्या पाठीच्या कडेला दोन टोकांना दोन लहान प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं त्या मोडा, चाळीसच्या चाळीस कॅसेटच्या. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण खाली जातच नाही. मग बाजारातली कुठलीही नको असलेली कॅसेट घालून टेप फीत खात नाही ना ते बघा, रबरी पट्टा सैल झाला असेल तर बदलून घ्या, हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. आणि मगच वडिलांची कॅसेट लावा. पेन्सिलनं ‘रेडिओ’ लिहिलेल्या आधी.